थोपटलं की सोडायचं

पहिल्याच दिवशी सरांनी मला बजावलं, "मॅडम, अहंकार बाहेर चपलांशेजारी काढून ठेवायचा आणि मगच आत यायचं." मी मान डोलावली. मग खाली नजर गेली तर सर स्वतः भलेमोठे बूट घालून चटईवर उभे, आणि आम्ही सगळ्या अनवाणी. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण गुडघ्यांसाठी रोज काहीतरी हालचाल कराच, असं डॉक्टरांनी दटावलं होतं आणि योगाच्या वर्गात बायका शवासनातही सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. त्यापेक्षा लाथा मारलेल्या बऱ्या, म्हणून मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर कराटे शिकायला गेले.

गंगापूर रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मंगल कार्यालय आहे. लग्नाची तिथी नसेल तेव्हा त्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी हा मुलींचा आणि बायकांचा क्लास चालतो. पंगती उठतात त्याच फरशीवर निळ्या फोमच्या चटया अंथरायच्या. भिंतींत मुरलेला मसालेभाताचा वास आणि चटयांत मुरलेला पायांचा घाम, दोन्ही एकदम नाकात जायचे. घरी आले की मी आधी मोरीत जाऊन पाय साबणानं खसाखसा घासायची आणि मगच चहा टाकायची. समोरच्या भिंतीवर सरांचा लाथ मारतानाचा हसरा फोटो होता, खऱ्या सरांपेक्षा मोठा. त्याखाली लिहिलेलं, 'नम्रता हेच खरं शस्त्र'. फोटोला रोज हार असायचा. जिवंत माणसाच्या फोटोला हार मी पहिल्यांदाच बघितला. बाजूच्या बाईला मी हळूच विचारलं, "सर गेले की काय?" ती हसली नाही. तिथं कुणीच हसत नसे.

सगळ्यात आधी मी तिथं काय शिकले असेन तर पडायला. तुम्हाला वाटेल, तोल सांभाळून, डोकं न आपटता कसं पडावं ते. छे हो. ते शिकवलं असतं तर मी सरांचे पाय धुतले असते. आम्ही शिकलो ते सरांसाठी पडायला. सर एखाद्या सिनिअर पोरीला पुढं बोलवायचे, "अॅटॅक!" म्हणायचे, ती हात उगारून यायची, सर नुसता हात फिरवायचे आणि ती धाडकन चटईवर. पुष्कळदा सरांचा हात तिच्यापाशी पोचायच्या आत ती खाली गेलेली असायची. मग सगळ्या एका सुरात "ओस!" ओरडायच्या. हे 'हो जी सर'चं कराटेतलं रूप. नवीन आलेली बाई एकदोन आठवडे गोंधळायची, मग तिलाही जमायचं. सर म्हणजे गुरू, गुरूला खोटं पाडायचं नाही, म्हणून आपण खोटं पडायचं. असा सगळा मामला.

मी शाळेत भूगोल शिकवते. निम्मं आयुष्य त्यातच गेलं. कोरा नकाशा पोरांपुढं टाकायचा आणि नद्या भरायला सांगायच्या, हे माझं काम. आता मीच पोराच्या कानात जाऊन गोदावरी कुठं ते सांगायचं, आणि त्यानं ती तिथं काढली की टाळ्या पिटायच्या, तर त्याला काय आलं? कप्पाळ! वर ते पोर घरी जाऊन सांगणार, मला भूगोल येतो. शिकवणाऱ्यानं पोरांपुढं चुकावं, हरावं, "अरे, हे मला नाही जमलं, पुन्हा बघू" असं म्हणावं. ज्याला कुणी धक्का लावू शकत नाही असा मास्तर काय कामाचा? देव्हाऱ्यात बसवा त्याला. पण आमच्या सरांना देव्हाराच हवा होता.

त्या क्लासातला एक नियम मात्र चांगला होता, तो नीट सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच गेलं. जोडीदारानं हात पिरगाळून धरला आणि दुखायला लागलं, की मोकळ्या हातानं त्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. थोपटलं की त्यानं तत्क्षणी सोडायचं. हाडं शाबूत राहावीत म्हणून हा नियम जगभर असतो म्हणे, आणि असायलाच हवा. पण सरांनी त्याला स्वतःची फोडणी दिली होती. जोडीदारानं जोर लावायचाच नाही. "पार्टनरला मदत करायची, त्याचा कॉन्फिडन्स वाढवायचा." मग काय, पोरी एकमेकींची मनगटं बाळाचा हात धरावा तशी धरायच्या आणि दुखायच्या आधीच थोपटून मोकळ्या व्हायच्या. धर, थोपट, सोड. धर, थोपट, सोड. संध्याकाळभर हॉलमध्ये तो टप टप आवाज चाललेला असायचा.

थंडी सुरू होता होता एक नवीन मुलगी आली. सायखेड्याकडची, कांदे-टोमॅटो पिकवणाऱ्या घरातली. गंगापूर रोडच्याच एका कॉलेजात नर्सिंग शिकत होती. कॉलेज सुटलं की क्लासला यायची, मग द्वारका चौकात जाऊन गावची बस पकडायची. अंगानं काटक, बोलायला मोकळी. सगळ्या मला मॅडम म्हणायच्या, ही पहिल्या दिवसापासून मावशी म्हणू लागली.

"मावशी, ह्यात हात सोडवायचं कधी शिकवत्यात?" तिनं चटया गुंडाळताना विचारलं.

"का गं? एवढी घाई?"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सांगितलं. द्वारकेला पुलाखाली ती बसची वाट बघत थांबायची तिथं एक माणूस घुटमळायचा. आधी नुसता बघायचा, मग शेजारी येऊन उभा राहायला लागला, मग नंबर दे म्हणून मागं लागला. दोनचारदा त्यानं मनगट धरलं होतं. मी म्हटलं, पोलिसात सांग, घरी सांग. ती घाबरीच झाली. "नाय नाय मावशी. घरी कळलं तर झालंच माझं कॉलेज. आई म्हणंल, बस झालं शिक्षण, घरी बस. गावातून नर्सिंगला मी एकटीच जाते. मला फक्त हात सोडवता आला पायजे, बाकी मी बघते."

एवढंच हवं होतं तिला. ना पट्टा, ना फोटो, ना सुविचार. एक मनगट मोकळं करता आलं पाहिजे, म्हणजे तिचं कॉलेज तिच्या हातात राहणार होतं.

हात सोडवायचा धडा आला तेव्हा ती माझ्याच जोडीला होती. मी तिचं मनगट चांगलं घट्ट धरलं. फळ्यावर लिहून लिहून माझ्या हातात बरा जोर आहे. सरांनी सांगितल्याप्रमाणं तिनं माझ्या अंगठ्याच्या बाजूला हात वळवून खेचला. सुटला नाही. पुन्हा खेचला. नाही सुटला. तिचा चेहरा लाल झाला, पण डोळे चमकत होते. "मावशी, सोडू नका हां," म्हणाली. तेवढ्यात सर आले.

"मॅडम, हे काय चाललंय? पार्टनरला मदत करायची असते."

"मदतच करतेय," मी म्हटलं. "ज्याच्यापासून सोडवायचाय तो काही हळुवार धरणार नाही."

"मार्शल आर्टमध्ये पहिली गोष्ट अॅटिट्यूड," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काही लोक कप भरूनच येतात. कप रिकामा करून आलं तरच गुरू त्यात काही ओतू शकतो."

माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. मी म्हटलं, "माझा कप रिकामाच आहे सर. पण किटलीत चहा आहे का, ते एकदा झाकण उघडून दाखवा." सर हसले, तेच ते फोटोतलं हसू, आणि त्यांनी त्या मुलीला माझ्यापासून काढून एका सिनिअर पोरीच्या जोडीला लावलं. सिनिअरनं धरलं, हिनं हात वळवला, हात अलगद सुटला. "ओस!" सरांनी मुलीला पुढं बोलावून सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. तिनं लांबून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात थोडा आनंद होता, आणि थोडा प्रश्न. त्यानंतर महिना-दीड महिना ती त्याच सिनिअरबरोबर धर, थोपट, सोड करत राहिली.

मग एकदम ती यायची बंद झाली. फोन उचलीना. आठवड्यानं एकदा उचलला आणि अगदी हळू आवाजात, घरामागं जाऊन बोलत असावी तशी, बोलली.

"त्यानं धरला हात, मावशी. मी सरांनी शिकवलं तसंच केलं. अंगठ्याच्या बाजूनं. नाय सुटला. मंग त्यानं पिरगाळला. लय दुखलं. अन् मावशी, मी थोपटलं."

मला आधी कळलंच नाही. "काय केलंस?"

"त्याच्या हातावर. दोनदा. मुद्दाम नाय केलं हो, आपोआपच झालं. तो हसला. म्हणला, लाडात आली का?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. भाजीला फोडणी दिलेली होती आणि ती जळायला लागल्याचा वास येत होता, तरी मला हात पुढं करून गॅस बंद करता येईना. त्या माणसाची किळस होतीच, तो तर नासकाच. त्याहून जास्त किळस मला त्या टप टप आवाजाची आली. पोरीनं जिवाच्या भीतीनं मोकळा हात उचलला आणि त्या हातानं मार, ओरबाड, डोळ्यात बोट घाल असं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला शिकवलं होतं की थोपटलं की समोरचा सोडतो.

तिथं बोरं विकणारी एक बाई होती, तिनं बोंब ठोकली, चार माणसं धावली, तो पळाला. पण त्या चार माणसांत एक गावचा निघाला. मुलगी बसनं घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. कॉलेज बंद.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले ती थेट सरांच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे कार्यालयातली नवरीकडच्या पाहुण्यांची खोली. सर आरशासमोर बसून दुधात प्रोटीनची पावडर घोटत होते. मी सगळं सांगितलं. त्याच्या पकडीतून तिचा हात सुटला नाही, तिनं थोपटलं, तो हसला, सगळं. मला वाटलं, निदान मान तरी खाली घालतील.

सरांनी पेल्यातला घोट गिळला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाले, "टेक्निक शंभर टक्के बरोबर आहे मॅडम. त्या माणसानं मनगट चुकीचं धरलं असणार."

ऐकलंत? त्या माणसाचंच चुकलं म्हणे! गुंडानं आधी यांच्याकडं येऊन फी भरायची, मनगट कसं धरावं ते शिकायचं, आणि मग पोरींना छळायला द्वारकेला जायचं. मी म्हटलं, "बरं. मी बरोबर धरते. तुम्ही सोडवा."

दारात दोन सिनिअर पोरी येऊन उभ्या होत्या, म्हणून असेल, सरांनी हात पुढं केला. मी धरला. त्यांनी अंगठ्याच्या बाजूला वळवला आणि थांबले. मी आता सोडणार याची ते वाट बघत होते. इतकी सवय झालेली त्यांना! मी सोडला नाही. त्यांनी हिसका दिला. मग खांदा लावला. "मॅडम, सोडा," ते दातांतून म्हणाले. त्यांचा हात घामानं ओला होत चालला, गिळगिळीत, आणि त्या प्रोटीनचा व्हॅनिलाचा वास माझ्या तोंडावर येत होता. मला शिसारी आली. ही ओली वस्तू मी का धरून ठेवलीय, असं वाटलं आणि मी सोडून दिली.

सर दाराकडं वळले. "बघितलं? सुटला."

"ओस!" पोरी म्हणाल्या.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. तो क्लास अजून चालतो. फोटोला हार असतो. परवा तिथून जाताना तो टप टप आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला आणि मी भराभर पाऊल उचललं.

रविवारी मी बस धरून त्या मुलीच्या घरी गेले. वस्तीवर घर, पुढं अंगण, अंगणात कांद्याचा ढीग आणि ढिगाशी तिची आई बसलेली, सडके कांदे निवडून बाजूला फेकत. मुलगी चहा करायला आत गेली. आई माझ्याकडं न बघता हात चालवत म्हणाली, "शाळेतल्या बाई ना तुम्ही? मंग एक सांगा. पोरगी तीन महिने कराटेला गेली. पांढरा डरेस घालून फोटो काढला. तिथं शिकवलं तरी काय हो तिला?"

सजवून सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. "पडायला शिकवलं," मी म्हटलं. "आणि थोपटायला."

तिनं हातातला कांदा जरा जास्तच जोरात भिरकावला. मग म्हणाली, "तिच्या बापाला मी समजावीन वो. तो पोरीला नाय म्हणत नाय. पण मलाच भ्या वाटतं. उद्या परत धरला तर?"

मुलगी चहा घेऊन आली. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "ये इकडं." मला कराटेचं डोंबल येत नाही, हे आधीच सांगून टाकलं. पण एक मला करता येतं, मी घट्ट धरू शकते. मी तिचं मनगट धरलं. "आधी ओरड. घशातून नाही, पोटातून. मग चाव, करंगळी सापडली तर उलटी फिरव, टाच पायावर आपट. जे सुचेल ते. फक्त थोपटायचं नाही."

ती ओरडली, पण लाजत. टाच उचलली आणि माझ्या पायाशेजारी जमिनीवर हळूच टेकवली. "मावशी, तुमच्या गुडघ्याला लागंल."

"लागू दे."

"तुम्हाला कसं चावू हो?"

पोरगी गुणाची, हाच घोटाळा. आम्ही दोघी तशाच हात धरून उभ्या. तेव्हा तिची आई उठली. हात पदराला पुसले आणि मला म्हणाली, "व्हा बाजूला, बाई."

तिनं लेकीचं मनगट धरलं. जन्मभर विळा आणि खुरपं धरलेला हात तो. मी बघितलं, मुलीची बोटं बघता बघता पांढरी पडली.

"सोडव," आई म्हणाली. "सुटलीस तर उद्या बसमधी बस. नाय सुटलीस तर कॉलेजचं नाव काढायचं नाय. मी तुला मदत करणार नाय."

मुलीनं अंगठ्याच्या बाजूनं हात वळवला. आई हललीसुद्धा नाही. लेकीनं हिसका दिला, ओढलं, अंगणात दोघी गोल फिरल्या, ढिगावरचे कांदे पायात आले. "आये, दुखतंय!" आईनं पकड आणखी आवळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं हात सोडला नाही. मुलगी वाकली, कण्हली, आणि तिचा दुसरा हात वर आला. तळवा उघडा. आईच्या हातापासून वीतभर अंतरावर येऊन तो थांबला. नको गं बाई, मनात म्हटलं, नको.

मग बोटं मिटली. मुलीनं अशी किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले, आणि खाली झुकून तिनं आईच्या हाताला कडकडून चावा घेतला.

"अगं आई गं! मेले!" आईनं हात झटकला आणि मटकन कांद्यांवर बसली. मनगटाच्या वर दातांची सगळी ओळ उमटली होती, एका जागी रक्त आलं होतं.

मुलगी मोकळ्या हाताकडं बघतच राहिली. मग रडत आईच्या पायाशी बसली. "आये, लागलं का गं? लय लागलं का?"

"लागलं," आई म्हणाली. "लागायलाच पायजे." तिनं चावल्या जागेवर पदर दाबला, दुसऱ्या हातानं लेकीचे केस मागं सारले, आणि नाक ओढत म्हणाली, "सकाळची गाडी सातची ना तुझी? मंग आज लवकर झोप."